रिकाम्या हातानं खाली या

शोभाचा फोन आला तेव्हा मी गवार निवडत बसले होते.

"ताई, पितळेचं चिंचेनं लख्ख निघालं बघ. पण हा लोखंडी गोळा काही निघेना. तुमच्या कारखान्यात गंज कशानं काढायचात गं?"

"कसला गोळा?"

"लहानशा सीताफळाएवढा आहे. अंगावर डोळेपण तसेच. वर एक पट्टी आहे आणि बाजूला कडी."

"आत्ता कुठंय तो?"

"माझ्या मांडीवर."

शोभा माझी धाकटी बहीण. कसबा पेठेत, तांबट आळीच्या मागच्या अंगाला तिच्या सासरचा वाडा. वाडा पुनर्विकासाला गेला, आठ दिवसांत ताबा द्यायचा होता, म्हणून पोटमाळा रिकामा करणं चाललं होतं. तिचे सासरे मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले आणि १९४६ साली घरी आले. त्यांची काळी ट्रंक, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेली, त्यांच्या हयातीत कुणी उघडली नाही आणि ते गेल्यावर उघडायची कुणाला आठवण राहिली नाही. त्या दिवशी भाच्यानं, निखिलनं, कुलूप तोडलं.

त्या दिवशी मी शोभाला फोनवर जे सांगितलं आणि जे सांगायचं विसरले, ते दोन्ही इथं लिहून ठेवते. पुण्यात अशी ट्रंक एकाच माळ्यावर असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांच्या आसपास भारतीय फौजेत होते, त्यात आपल्या सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडची माणसं भरपूर, आणि त्यातले कितीतरी पुढं पुण्यात स्थायिक झाले. त्यांच्या वस्तू आता नातवंडांच्या हाती लागतायत, वाडे पडतायत म्हणून.

आधी माझी ओळख. मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं डीबीडब्ल्यू होते, म्हणजे डेंजर बिल्डिंग वर्कर. कारखाना १८६९ सालचा, २०२१पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे. आमच्या इमारतीत शिरताना काडेपेटी, मोबाईल, बांगड्या सगळं बाहेर ठेवायचं. अंगात सुती कपडे. दारातल्या तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली वीज उतरवायची आणि मगच पाऊल आत. त्यामुळं वाड्यात, नातेवाइकांत मला सगळे दारूगोळेवाली म्हणतात आणि असला काही प्रसंग आला की मलाच फोन येतो. "तू येऊन बघ ना जरा."

तर पहिली गोष्ट हीच, की मी येऊन बघणार नाही. कारखान्यात हाताखालून जाणाऱ्या मालाची कुंडली लिहिलेली असते: लॉट कुठला, दारू कोणती भरली, कधी भरली, कुठल्या कोठारात किती दिवस होता. माळ्यावरच्या गोळ्याची कुंडली कुणाकडं नसते. मी त्या दिवशी कसब्यात गेले, पण जिना चढले नाही. तुमच्या ओळखीत कुणी फौजी असेल, निवृत्त सुभेदार असतील, एनसीसीतला मुलगा असेल, त्यांनाही वर बोलवू नका. माहिती असलेल्या माणसाला हात लावायचा मोह जास्त होतो.

वस्तू हातात असेल तर

शोभाला मी विचारलं, पट्टी अंगाला चिकटून आहे ना? कडी आणि तिची पिन जागच्या जागी आहे ना? ती हो म्हणाली. मग सांगितलं, "घासू नकोस, पुसू नकोस. दोन्ही हातांनी उचल आणि शेजारच्या सतरंजीवर ठेव, घरंगळणार नाही अशी. ठेवलीस? आता हात काढ आणि मागं ये. परत बघायला जाऊ नकोस."

वस्तू अजून हातात घेतलेली नसेल तर एवढंही करायचं नाही. दिसली तिथंच राहू द्या. ट्रंकेत असेल तर ट्रंकेत, झाकण उघडं असेल तर उघडंच. झाकण लावायला गेलात की ते आपटतं. जुन्या ट्रंकांची झाकणं आपटल्याशिवाय लागत नाहीत, हे पुण्यातल्या कुठल्याही गृहिणीला विचारा.

गंज चढून कडी वेडीवाकडी झाली असेल तर ती सरळ करू नका. दोऱ्यानं बांधू नका. चिकटपट्टी लावू नका. आपल्याकडं "सुरक्षित करून ठेवू" म्हणून जे काही केलं जातं ते सगळं यात आलं.

हात साबणानं धुवा, डोळ्यांना लावायच्या आधी. जुन्या दारूत असलेलं टीएनटी नावाचं स्फोटक कातडीतून अंगात जातं. पहिल्या महायुद्धात ते भरणाऱ्या बायकांची कातडी पिवळी पडायची.

ओळखायचं कसं, आणि किती

थांबायला हवं हे कळण्यापुरतं ओळखा. चालू आहे की बंद, हे ठरवायचं काम तुमचं नाही. रंगावर तर अजिबात जाऊ नका. कोणता पट्टा म्हणजे भरलेला, कोणता म्हणजे सरावाचा, याचे नियम दर काही वर्षांनी बदलत गेले आणि ऐंशी वर्षांत रंग कुठला उरतोय?

शोभाकडचा गोळा म्हणजे छत्तीस नंबरचा हातबॉम्ब. बिडाचं कवच, पाऊण किलोच्या आसपास वजन, अंगावर खाचा, बुडाला फिरवून बसवलेली गोल चकती. पिन काढून पट्टी सुटली की आतली स्प्रिंग खुंटी आपटवते आणि चार सेकंदांत फुटतो. छत्तीस एम मधला एम म्हणजे मेसोपोटेमिया. तिकडच्या उन्हात आतला माल टिकावा म्हणून लाखेनं बंद केलेला तो प्रकार. आमच्या आजोबांच्या पिढीतली कितीतरी माणसं त्या मेसोपोटेमियात गेली आणि परत आली नाहीत, पण तो विषय वेगळा. हा बॉम्ब आपल्या फौजेत स्वातंत्र्यानंतरही अनेक दशकं वापरात होता, तेव्हा "हे काय, इंग्रजांच्या काळातलं खेळणं" असं समजू नका.

काडतुसं तुम्हाला जास्त सापडतील. ३०३ रायफलीचं काडतूस बोटाएवढं लांब, बुडाला कडा आलेली. बुडावर उजेड पडला की कधी कधी के आणि एफ ही अक्षरं दिसतात. ते आमचंच, किरकी फॅक्टरीचं. शेजारचे आकडे बहुतेक वेळा सालाचे. आत कॉर्डाइट नावाची दारू, बारीक शेवयांच्या जुडीसारखी. पुढं गोळी बसलेली असेल तर ते जिवंत काडतूस, मग बुडाच्या टिकलीवर ठोका दिसो वा न दिसो. ठोका आहे आणि गोळीही आहे, म्हणजे घोडा पडला पण उडालं नाही. ते साध्या काडतुसापेक्षा वाईट.

उखळी तोफेचा गोळा शेपटाला पंख असलेल्या माशासारखा. पंख दिसले की मागं फिरा. तोफगोळा जड, टोकाला निमुळता, बुडाजवळ तांब्याचा पट्टा. त्या पट्ट्यावर तिरप्या रेघा उमटलेल्या असतील तर गोळा तोफेतून उडालेला आहे आणि तरीही पूर्ण तुमच्यासमोर आहे. म्हणजे फुटायचा राहिलाय. याच्याएवढं वाईट दुसरं काही नाही.

आणि मग पितळेची ती उभी नळकांडी, जी पुण्यात निम्म्या जुन्या दिवाणखान्यांत फुलदाणी म्हणून उभी आहे. तिच्याकडं शेवटी येते.

जुनं झालं म्हणजे मेलं नाही

हे मला सगळ्यात जास्त वेळा समजवावं लागतं. शोभाचे यजमान म्हणाले, "ताई, ती ट्रंक पानशेतच्या पुरात बुडाली होती. १२ जुलै १९६१. दोन दिवस चिखलात होती. त्यात काय राहिलंय आता?"

दारू म्हणजे दिवाळीतली लवंगी नव्हे की ओली झाली आणि फुसकी निघाली. टीएनटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ऐंशी वर्षांत सडतही नाही. उलट ओल लागली की दुसराच खेळ सुरू होतो. सुरवातीचा ठोका देणाऱ्या बारक्या भागात शिसे अझाइड नावाचं द्रव्य असतं. त्याला ओल आणि तांबं-पितळ दोन्ही मिळालं की तांब्याचं अझाइड तयार होऊ शकतं, आणि ते मूळच्या मालापेक्षा कितीतरी हुळहुळं. पहिल्या महायुद्धाच्या काही गोळ्यांत पिक्रिक आम्ल भरायचे. ते धातूशी मिळून जे क्षार तयार करतं ते नुसत्या घासण्यानं पेटू शकतात. फटीतून पिवळी भुकटी किंवा पिवळे डाग दिसले तर चिंच, लिंबू, पितांबरी, तारेची घासणी यांतलं काहीही जवळ नेऊ नका. स्प्रिंग गंजते ती सैल पडते असंही नाही, कधी कधी ताणलेलीच राहते आणि तिला अडवणारी पिन तेवढी कुजून जाते.

धुराच्या काही बॉम्बांत पांढरा फॉस्फरस असतो. तो हवा लागली की तिशीच्या आसपासच्या तापमानालाच पेट घेतो. एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर किती गरम होतं ते तुम्ही सांगा.

फोन कुठून, काय सांगायचं

११२ लावा. त्या खोलीत उभं राहून नव्हे, घराबाहेर पडून. खरं सांगायचं तर शोभाच्या गोळ्यासारखी स्प्रिंगवर चालणारी वस्तू मोबाईलनं उडत नाही. पण काही वस्तूंना विजेवर चालणारी टोपी असते, आणि कुठली कशी हे ओळखत बसायचं नाही असं आपण ठरवलंय. म्हणून सरसकट बाहेर.

सांगायचं ते असं: "घरात जुना लष्करी बॉम्बसारखा प्रकार सापडलाय. पत्ता अमुक. वस्तू पहिल्या मजल्यावर पोटमाळ्याखालच्या खोलीत, जमिनीवर सतरंजीवर. एवढी मोठी आहे. हात लागलेला आहे, आता कुणी जवळ नाही. आम्ही अमुक ठिकाणी उभे आहोत." हात लागला असेल तर ते लपवू नका. वस्तू हललेली आहे की जागेवर आहे, हे येणाऱ्या माणसाच्या जिवाशी संबंधित आहे.

हद्द कुठली याची चर्चा घरात करू नका. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८पासून वेगळं झालं, त्यामुळं दापोडी-बोपोडीच्या पुलाजवळ राहणारी माणसं अजून गोंधळतात. ते बघायला ११२ वरचा माणूस आहे.

फोटो आधीच काढलेला असेल तर द्या. नसेल तर फोटोसाठी परत आत जाऊ नका. निखिल दोनदा वर निघाला होता. "मावशी, फक्त दारातून झूम करतो." मी त्याच्या शर्टाची कॉलर धरून उभी होते. आणि फोटो काढलाच असेल तर तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. पाच मिनिटांत अख्खी गल्ली जिन्यावर येते.

आग लागलेल्या घरात अशी वस्तू आहे हे ठाऊक असेल तर १०१ ला पहिल्याच वाक्यात सांगा. आपल्याकडं अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलला का सुरू होतो? १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि कापसाच्या गासड्या. ती विझवायला गेलेले ६६ जवान परत आले नाहीत.

बाहेर म्हणजे किती बाहेर

जिन्यात थांबणं म्हणजे बाहेर नव्हे. समोरच्या ओट्यावर बसणं म्हणजेही नव्हे. मोकळ्यावर हातबॉम्बचा तुकडा शंभर मीटरच्याही पुढं जाऊ शकतो. म्हणून निदान शंभर मीटर, वस्तू मोठी असेल तर त्याहून पुष्कळ लांब, आणि मध्ये पक्की भिंत. काचेच्या खिडकीमागं उभं राहू नका. पेठांत शंभर मीटर म्हणजे तीन वळणं, एक मारुती आणि एक चहावाला. आम्ही सगळे शनिवारवाड्याच्या पटांगणाकडं गेलो.

निघताना शेजाऱ्यांची दारं वाजवा, पण ओरडत पळू नका. लाकडी जिन्यावरून वीस माणसं एकदम धावली तर बॉम्बआधी जिनाच जाईल. खालच्या आजी हलायला तयार नव्हत्या. "माझी पोथी राहिलीय अर्धी." निखिलनं पोथी, चष्मा आणि आजी अशा तिन्ही गोष्टी उचलल्या. खोलीचं दार लावत बसू नका, उघडं राहू द्या.

लोक काय काय करतात

बादलीत बुडवतात. पाण्यानं काही होत नाही हे वर सांगितलं, आणि बुडवायला उचलावं लागतंच.

परसात पुरतात. मग दहा वर्षांनी तिथं जेसीबी येतो.

रात्री जाऊन मुठेत टाकतात. मे महिन्यात भिडे पुलाखाली किती पाणी असतं ते आठवा, आणि तिथं कोण पोरं खेळतात तेही.

भंगारवाल्याला देतात. हे मला सगळ्यात लागतं. तो टेम्पो "लोखंड, पितळ, जुनी बॅटरी" करत गल्लीत येतो, आपण किलोवर मोजून देतो आणि मोकळे होतो. पुढं कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये एक पोरगा त्यावर छिन्नी ठेवून घण मारतो. नगरच्या के. के. रेंजच्या, म्हणजे लष्कराच्या गोळीबार सरावाच्या मैदानाच्या, भोवतालच्या गावांत न फुटलेल्या गोळ्यांचं पितळ-तांबं काढताना माणसं गेलेली आहेत. तुमच्या पेठेतल्या गोळ्यातही तेच पितळ असतं. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात विकायलाही नेऊ नका, आणि तिथं कुणी काडतूस दाखवलं तर "काय छान आहे" म्हणून किल्लीला अडकवायला घेऊ नका. लोहगावला विमानतळावर सामानाच्या तपासणीत एक काडतूस सापडलं तरी विमान चुकतं, आणि पुढचं सगळं निस्तरत बसावं लागतं.

पोलीस चौकीत घेऊन जातात. स्कूटरच्या डिकीतून. लक्ष्मी रोडच्या खड्ड्यांवरून. हेतू चांगला असतो, म्हणून यांना रागवायला जड जातं. पण तुम्ही जो प्रकार घरातून बाहेर काढलात तो आता टेबलावर, दहा माणसांत आणून ठेवलात. त्यांना तुमच्याकडं येऊ द्या. ते त्यांचं काम आहे.

पोलीस आपल्यालाच धरतील

शोभाच्या यजमानांनी ११२ लावायला पाऊण तास घेतला तो या भीतीनं. भीती अगदीच बिनबुडाची नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळाही येतो आणि परवान्याशिवाय तो जवळ ठेवणं गुन्हा आहे. स्फोटक पदार्थांचा १९०८चा कायदा त्याहून कडक. पण ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७२ सालीच सांगून ठेवलंय. ट्रंक फोडली, दिसलं, फोन केला, यात लपवण्यासारखं काय आहे? अडचण होते ती दिसल्यावर परत ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं तर. आता तुम्हाला माहीत आहे, आणि उद्या बिल्डरच्या माणसाला सापडलं तर सांगणार काय?

कागद काढून ठेवा. सासऱ्यांचं फौजेतून सुटल्याचं पुस्तक, मृत्यूचा दाखला, वाड्याचा कागद. जबाबात जे झालं तेवढंच, वेळेसकट. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा, वस्तूंची संख्या बरोबर आहे का बघा आणि प्रत मागा.

आजोबांची परवान्याची बंदूक किंवा रिव्हॉल्व्हर घरात असेल आणि आजोबा गेले असतील, तर तेही तसंच ठेवून चालत नाही. ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायचं आणि पावती घ्यायची. कायद्याचं कलम २१. आधी फोन करून विचारा, कसं आणायचं ते विचारा, भरलेलं आहे की रिकामं हे स्वतः उघडून बघू नका.

आल्यावर काय होतं

आधी ठाण्याचे लोक येतात, रस्ता अडवतात. मग बॉम्बशोधक आणि नाशक पथक. त्यांना लष्करी माल वाटला तर ते फौजेला कळवतात. पुणं यात नशीबवान, दक्षिण मुख्यालय इथंच, खडकीला बॉम्बे सॅपर्स हे लष्कराचं इंजिनीअर दल, दापोडीला लष्करी अभियांत्रिकीचं कॉलेज. वेळ लागतो. चहा मागवा, पण मध्ये मध्ये जाऊन "किती वेळ अजून?" विचारू नका. आमच्याकडं सगळं मिळून तीन तास गेले.

त्या वेळात पितळेच्या फुलदाणीचंही बघून घेतलं. ती म्हणजे पंचवीस पौंडी तोफेच्या गोळ्यामागची दारूची केस, साधारण फूटभर उंच, बुडावर २५ पीआर आणि १९४३ कोरलेलं. ही केस, म्हणजे पोलिसी भाषेत पुंगळी, गोळा नव्हे. वरून तोंड उघडं, आत बुडापर्यंत दिसतं, रिकामी. तरी बुडाच्या मधोमध टोपी बसवलेली असते, आणि ती उडालेली आहे की नाही हे बाहेरून दिसतंच असं नाही. शोभानं चिंचेनं बाहेरून घासली हे ठीक. पण तिचा पुढचा बेत होता तांबट आळीत नेऊन बूड ठोकून सपाट करून आणायचा, म्हणजे निशिगंधाच्या काड्या नीट उभ्या राहतील. तांबटाचा हातोडा बरोबर त्या टोपीवर बसला असता. पथकातल्या अधिकाऱ्यानं ती उलटी करून बघितली, टोपी उडालेली आहे म्हणाले, आणि घरात ठेवायला हरकत नाही असं सांगितलं. तुमच्याही घरी असली फुलदाणी पिढ्यान्‌पिढ्या उभी असेल तर तिला ठोकू नका, भोक पाडू नका, खाली समईचा जाळ लागू देऊ नका, आणि कधी असे लोक दुसऱ्या कामानं जरी आले तरी त्यांना दाखवून घ्या.

मग गोळा वाळूच्या पेटीतून खाली आला. आम्हाला गल्लीच्या तोंडाशी बोलावलं. सह्या व्हायच्या होत्या. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले, शोभा शेजारी उभी. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तिच्या हातातली कापडी पिशवी मी घेतली होती, पटांगणापासूनच.

पंचनामा लिहिणाऱ्यानं विचारलं, "ट्रंकेतून आणखी काय काय बाहेर काढलंत?"

शोभा मोजायला लागली. लोकरीचे मोजे, फोटो, चहाचा मग, कंबरपट्टा. "आणि ते सिगारेटचं चपटं पत्र्याचं डबडं. त्यात मामंजींची पदकं असतील म्हणून मी निघताना घेतलं. पण पदकं नाहीत, पेनाच्या असतात तसल्या दोन नळ्या आहेत, वाकवलेल्या. ताईकडच्या पिशवीत आहे."

छत्तीस नंबरचे बॉम्ब बारा-बाराच्या पेटीत यायचे आणि त्यांचा पेटवणारा भाग वेगळ्या डब्यात. बुडाची चकती फिरवून तो ऐनवेळी आत घालायचा. एका टोकाला टिकली, मध्ये वातीचा तुकडा, दुसऱ्या टोकाला डिटोनेटर, म्हणजे सुरवातीचा ठोका देणारा भाग, सगळं इंग्रजी यू अक्षरासारखं वाकवलेलं. डिटोनेटर पेन्सिलीच्या तुकड्याएवढा, पण हाताची बोटं न्यायला तेवढा पुरतो. शोभाच्या गोळ्यात दारू होती आणि ही नळी बसवलेली नव्हती, हे आम्हाला मागाहून कळलं. म्हणजे जे सतरंजीवर ठेवून आम्ही अख्खी गल्ली रिकामी केली, त्याच्यापेक्षा हुळहुळी वस्तू पिशवीत घेऊन आम्ही शनिवारवाड्यापर्यंत चालत गेलो होतो, आणि ती दोन तास माझ्या मांडीवर होती. त्या पिशवीवर मी चहाचा कपही टेकवला होता.

फोनवर मी तिला हात काढ म्हणाले, मागं ये म्हणाले, सगळ्यांना घेऊन खाली उतर म्हणाले. रिकाम्या हातानं उतर, हे म्हणाले नाही. त्या ट्रंकेतलं काहीही, मोजासुद्धा, बरोबर घ्यायचं नाही. मोज्यात काय गुंडाळून ठेवलंय हे तुम्हाला माहीत नसतं. पदकं, पत्रं, फोटो कुठं पळून जात नाहीत. पथक जायच्या आधी त्यांनाच उरलेली ट्रंक तळापर्यंत बघायला सांगा, आणि ट्रंकेतून आधी कुठं कुठं काय गेलंय, मुलांच्या कंपासपेटीत, शिवणाच्या डब्यात, देवघरात, हे सगळं आठवून सांगा.

पथकातला एक जण, माझ्या निखिलच्याच वयाचा, दोन पावलं पुढं आला. आवाज अगदी सकाळी मी शोभाशी बोलत होते तसा.

"काकू, घाई नाही. पिशवी दोन्ही हातांनी उचला, शेजारी पायरीवर ठेवा. ठेवली? आता हात काढा आणि माझ्याकडं या."